पट्टीवरचं नाव विक्रेत्याचं, मग कारागीर कोण? एका जर्मन तिनळी बंदुकीचा शोध

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या वस्तीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी वडिलांच्या मागे एक जुनी शिकारी बंदूक राहिली. वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेत होते आणि 1945 साली जर्मनीतून परतताना त्यांनी ती आणली होती. सोबत अधिकाऱ्याच्या सहीचा एक चिठोरा होता, त्यावर फक्त एवढंच: जप्त केलेली जर्मन शिकारी बंदूक, एक. बाईंना ती विकायची होती. त्याआधी ती कोणी बनवली आणि केव्हा, हे त्यांना कळायला हवं होतं. माझा धंदा यंत्रभाग मोजण्याचा आणि जुनी यंत्रं हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. बंदुकीतलं जे तांत्रिक काम होतं ते गावातल्या परवानाधारक कारागिराच्या दुकानात, त्याच्या देखरेखीखाली झालं.

"केव्हा" या प्रश्नाला इथे कायद्याची धार आहे. अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय कायद्यानुसार 1898 साली किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते. 1899 ची असेल तर ती साधी बंदूक, आणि तिच्या खरेदी-विक्रीला सगळे नियम लागू. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने विक्रीची पद्धत बदलते, किंमत बदलते आणि चूक झाली तर विकणारा अडचणीत येतो.

बंदूक तिनळी आहे. वर शेजारी शेजारी दोन छऱ्यांच्या नळ्या, त्यांच्या खाली मधोमध गोळीची एक आटेदार, म्हणजे आतून पीळदार खाचा असलेली, नळी. जर्मन भाषेत हिला ड्रिलिंग म्हणतात. मध्य युरोपातल्या जंगलात एकाच फेरीत ससा, तितर, हरीण आणि रानडुक्कर यांतलं काहीही समोर येऊ शकतं, म्हणून शिकाऱ्याला एकाच खांद्यावर तिन्ही सोयी हव्या असत. या बंदुकीला बाहेर दोन घोडे आहेत. वरच्या बाजूची छोटी कळ पुढे सरकवली की उजवा घोडा खालच्या नळीसाठी काम करू लागतो आणि त्याच हालचालीने वरच्या दोन नळ्यांमधल्या लांब पट्टीत झोपलेलं नेमाचं पान उभं राहतं. ही यंत्रणा शंभराहून जास्त वर्षांनंतरही सुरेख चालते. दस्ता मात्र मनगटाजवळ आडवा कापून पुन्हा चिकटवलेला आहे. सैनिकी पिशवीत मावावी म्हणून त्या काळात परतणाऱ्या पुष्कळ सैनिकांनी असंच केलं होतं, त्यामुळे या कापातून घरच्यांच्या आठवणीला दुजोराच मिळाला.

घरात दोन मतं होती. नळ्यांवर "फ्लुस श्टाल क्रुप एसेन" असं कोरलेलं आहे, म्हणून वडील आयुष्यभर तिला क्रुपची बंदूक म्हणत. एका मूल्यमापन करणाऱ्याने वरवर पाहून "झाउअर असणार" असं सांगितलं होतं. शिवाय नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याच्या अक्षरांत ब्रेस्लाउ शहरातल्या एका पेढीचं नाव आहे. घरच्यांच्या इच्छेनुसार ते इथे देत नाही. तीन नावं, तीन दावे.

पहिला दावा लवकर निकालात निघाला. एसेनच्या क्रुप कारखान्याने पोलाद बनवलं, शिकारी बंदुका नव्हे. तिथलं पोलाद बंदूकवाले विकत घेत आणि चांगला माल वापरला हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून त्याचं नाव नळीवर घालत. बोलर आणि विटेन ही नावंही अशीच पोलादाची आहेत. जर्मन बंदुकांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणारं अक्षर हेच, कारण ते मोठं असतं, ठळक असतं आणि नेमकं नजरेच्या रेषेत असतं.

झाउअरचा दावा जरा जास्त वेळ घेणारा होता. जे. पी. झाउअर उंड झोन ही 1751 सालची, थुरिंगियातल्या झूल शहरातली पेढी. तिचा गदा घेतलेल्या रानटी माणसाचा शिक्का प्रसिद्ध आहे. या बंदुकीवर तो कुठेच नाही. पण झूलमधल्या मोठ्या पेढ्या इतर दुकानदारांसाठी बिननावाचा मालही करून देत, त्यामुळे शिक्का नसणं हा नकाराचा पक्का पुरावा होत नाही. आमच्या टिपणात "झाउअर म्हणायला काही आधार नाही" एवढंच लिहिलं, आणि मला वाटतं तेवढंच लिहिणं योग्य होतं. प्रसिद्ध नाव चिकटवलं की किंमत वाढते, म्हणूनच ते चिकटवताना हात आखडता घ्यायला हवा.

नळ्यांच्या पोटात काय लिहिलंय

जर्मन बंदूक वाचायची असेल तर ती उघडून नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. पुढचं लाकूड काढायचं, नळ्या बिजागरीतून उचलायच्या आणि उलट्या करायच्या. बंदूक मिटलेली असताना जो सपाट भाग लोखंडात झाकलेला राहतो, तिथे सगळं साठवलेलं असतं. कारागिराने आधी तिन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग तेलाचा बोळा फिरवून शंभर वर्षांचा चिकटा मऊ केला आणि कापसाने पुसून काढला. तारेचा ब्रश किंवा पॉलिश यांना इथे अजिबात जागा नाही. एखाद्या मुकुटाचं टोक घासून गेलं तर ते परत येत नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही घासलेला शिक्का लगेच दिसतो. विजेरी जवळजवळ आडवी धरली की उथळ ठशांच्या कडांना सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरं उठून येतात. फोटो चारही दिशांनी प्रकाश टाकून काढले, कारण एका बाजूच्या उजेडात जो U वाटतो तो दुसऱ्या बाजूने O निघू शकतो.

तिथे हे सापडलं. मुकुटाखाली U, तिन्ही नळ्यांवर. छऱ्यांच्या नळ्यांवर मुकुटाखाली S, आणि डाव्या नळीवर आणखी मुकुटाखाली W. खालच्या नळीवर मुकुटाखाली G. वर्तुळात 16. खालच्या नळीजवळ 118,35 असा आकडा, जर्मन पद्धतीने दशांशाच्या जागी स्वल्पविराम. डाव्या नळीवर बारीक अक्षरांत "निख्त फ्यूर कूगेल", म्हणजे या नळीतून अखंड गोळी झाडू नये.

हे शिक्के सरकारी आहेत. जर्मनीचा बार-चाचणीचा कायदा 19 मे 1891 रोजी झाला आणि 1 एप्रिल 1893 पासून लागू झाला. त्यानंतर प्रत्येक बंदूक सरकारी चाचणीगृहात जाऊन जादा दारूचा बार सोसून येई, मगच विकता येई. U म्हणजे चाचणीनंतरची तपासणी, S म्हणजे छऱ्यांची गुळगुळीत नळी, G म्हणजे आटेदार, W म्हणजे तोंडाशी आवळलेली, आपण चोक म्हणतो ती. चोक असलेल्या नळीतून अखंड शिशाची गोळी घातली तर नळी फाटू शकते, म्हणून तो इशारा. कायदा लागू होण्याआधीपासून दुकानात पडून असलेल्या जुन्या मालाला मुकुटाखाली V मिळायचा. इथे V नाही, म्हणजे ही बंदूक 1893 नंतरच चाचणीला गेली.

118,35 या आकड्याने मला सर्वांत जास्त आनंद दिला. एक पौंड शिशाचे नळीच्या मापाचे किती गोळे होतील, ती संख्या म्हणजे हा आकडा. 453.6 ग्रॅमला 118.35 ने भागलं की 3.83 ग्रॅमचा एक गोळा येतो. शिशाची घनता 11.34 धरली तर त्याचा व्यास साधारण 8.64 मिलिमीटर. वर्तुळातल्या 16 चं गणितही हेच, त्याचा व्यास 16.8 मिलिमीटर. आटेदार नळीला असं पौंडाचं माप जर्मनीत 1912 च्या सुमारापर्यंतच चाललं. नंतर मिलिमीटर आले आणि काडतुसाच्या कवचाची लांबीही शिक्क्यात येऊ लागली, जसं 8,7/72. म्हणजे एका आकड्याने नळीचं मापही सांगितलं आणि काळाची वरची सीमाही घालून दिली. 1893 ते 1912.

आता खरी अडचण कळेल. ही खिडकी 1898 च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. शिक्क्यांवरून पुढे जाता येत नव्हतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या झूलच्या बंदुकांवर पुष्कळदा महिना आणि वर्षाचे आकडे सापडतात, तसा काही प्रकार इथे नव्हता, आणि या काळातल्या बंदुकीवर तो असण्याची अपेक्षाही नव्हती.

मुकुटाखालचा N, म्हणजे धूररहित दारूच्या चाचणीचा शिक्का, हाही नव्हता. याचा व्यवहारातला अर्थ मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगितला: आजचं दुकानातलं काडतूस या बंदुकीत घालायचं नाही. त्या काळच्या जर्मन 16 बोअर नळ्यांत काडतूस बसण्याची जागा बहुधा 65 मिलिमीटर लांबीची असते, आणि इथेही मोजल्यावर तेवढीच भरली. आजची 16 बोअर काडतुसं 70 मिलिमीटरची. ती आत सरकतात, पण बार झाल्यावर कवचाचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो.

खालच्या नळीत कोणतं काडतूस चालतं, हे शिक्क्यात लिहिलेलं नसल्याने साचा घ्यावा लागला. त्यासाठी सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू वापरतात. तो 70 ते 88 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातही. नळीत थोडं पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, मागून धातू ओतायचा, गोठला की पुढून काठीने हलकेच ढकलायचा. हा धातू थंड होताना आधी आकुंचन पावतो आणि मग हळूहळू फुगतो. साधारण एका तासाने तो नळीच्या नेमक्या मापावर येतो, म्हणून मोजायचं तेव्हाच. घाईने मोजलं की माप लहान येतं, दुसऱ्या आठवड्यात मोजलं की मोठं. आम्ही घड्याळ लावून बसलो. हातात आला तो राखाडी, चकचकीत, पुढे जरासा निमुळता होत गेलेला लांब खुंटा, त्याच्या टोकाला आट्यांच्या धारा स्पष्ट उमटलेल्या. कवचाची लांबी 72 मिलिमीटर, मागे काठ. हे 9.3×72 आर, जुन्या जर्मन तिनळीचं नेहमीचं काडतूस. नंतरच्या बंदुकांवरचा 8,7/72 हा शिक्काही याच काडतुसाचा, कारण तो आट्यांच्या कडांमधलं अंतर सांगतो, गोळीचा व्यास नव्हे. या काडतुसाच्या जुन्या नळ्यांचे व्यास बंदुकीगणिक थोडे वेगळे असतात, त्यामुळे नावावर विसंबून गोळी निवडणं धोक्याचं. 9.3×74 आर हे नावाने जवळचं पण दाबाने फार जोरदार काडतूस आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, हे मी टिपणात ठळक लिहिलं.

ब्रेस्लाउची पेढी

वर्षाचा प्रश्न शेवटी पट्टीवरच्या सोनेरी नावाने सोडवला, आणि तोही त्याच्या शेपटीतल्या एका संक्षेपाने. पेढीच्या नावापुढे "नाख्फ." असं लिहिलेलं आहे. म्हणजे मूळ मालक गेला किंवा निवृत्त झाला आणि दुसऱ्या कोणी तेच नाव ठेवून दुकान पुढे चालवलं. जुन्या नावाची पत राहावी म्हणून ही पद्धत सर्रास होती. मग प्रश्न उरला, हा बदल कधी झाला?

ब्रेस्लाउ आज पोलंडमधलं व्रोत्सवाफ आहे. 1945 नंतर तिथली जर्मन वस्ती जवळजवळ पूर्ण गेली, पण शहराच्या जुन्या पत्ता-पुस्तकांच्या प्रती टिकल्या आणि तिथल्या ग्रंथालयांनी त्या डिजिटल करून खुल्या ठेवल्या आहेत. दरवर्षी छापली जाणारी ही जाडजूड पुस्तकं. एका भागात रहिवासी आडनावांप्रमाणे, दुसऱ्यात रस्त्याप्रमाणे घरं, तिसऱ्यात धंद्याप्रमाणे पेढ्या. छपाई जुन्या गॉथिक अक्षरांत, ज्यात लांब s आणि f यांच्यात एका आडव्या रेघेचाच फरक असतो, त्यामुळे संगणकाच्या शोधावर भरवसा ठेवता येत नाही. पानं डोळ्यांनी वाचावी लागतात. जर्मनीतल्या शहरांच्या कामासाठी ही पुस्तकं सोन्यासारखी आहेत, आणि बर्लिनची तर 1799 ते 1943 या काळातली मालिका तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने खुली केली आहे. बंदुकांचे अभ्यासक शिक्क्यांच्या तक्त्यांवर खूप वेळ घालवतात आणि ही पुस्तकं फार कमी जण उघडतात, याची मला खंत वाटते.

मी 1893 पासून पुढे एकेक वर्षाचं पुस्तक पाहत गेलो. 1903 च्या पुस्तकापर्यंत पेढी मूळ मालकाच्या नावावर आहे. 1904 च्या पुस्तकात पहिल्यांदा "नाख्फ." येतं, खाली कंसात नव्या मालकाचं आडनाव. त्यानंतर ते पहिल्या महायुद्धापर्यंत तसंच. म्हणजे पट्टीवरचं हे नाव 1903-04 च्या आधी कोरलं जाणं शक्य नव्हतं. शिक्के 1912 च्या पुढे जाऊ देत नाहीत. दोन्ही बाजू मिळवल्या की उरतात साधारण 1904 ते 1912.

इथे एक शंका रास्त आहे. जुनी न विकलेली बंदूक नव्या मालकाने दुकानात ठेवून तिच्यावर नंतर नाव कोरलं असेल तर? म्हणून कारागिराने भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहिल्या. पट्टीवर जो काळपट निळा मुलामा आहे तो अक्षरांच्या खाचांच्या भिंतींवरूनही अखंड उतरलेला आहे आणि सोनं त्यानंतर बसवलेलं आहे. नाव मुलाम्याच्या नंतर कोरलं असतं तर खाचांच्या कडा उघड्या पांढऱ्या पोलादाच्या दिसल्या असत्या. पुन्हा मुलामा चढवल्याच्या खुणाही नाहीत, कारण तसं केलं की घासकामात शिक्क्यांच्या कडा बोथट होतात आणि इथे त्या टोकदार आहेत. बंदूक पूर्ण होत असतानाच नाव आलं. मुलामा न चढवलेलं, पांढऱ्या अवस्थेतलं काही सुटं काम कपाटात पडून होतं असं समजलं, तरी ती पूर्ण झाली ती 1904 च्या आसपास किंवा नंतर. पुराणवस्तूचा दावा टिकत नाही.

बाईंना हे ऐकून थोडं वाईट वाटलं. कागदपत्रांशिवाय सहज विकता आली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं. पण खोट्या वर्षाच्या भरवशावर विकण्यापेक्षा हे बरंच, हे त्यांना लगेच पटलं.

मग बनवली कोणी?

धंद्यांच्या यादीत ही पेढी शस्त्रविक्रेत्यांमध्ये आहे, बंदूक-कारागिरांच्या रकान्यात नाही. म्हणजे ते दुकान होतं. त्या काळातली जर्मनीतली बहुसंख्य शहरी दुकानं माल झूल आणि शेजारच्या झेला व मेलिस या गावांतून मागवत, आणि त्यावर आपलं नाव घालून विकत. झेला आणि मेलिस 1919 साली एकत्र होऊन झेला-मेलिस झालं. या खोऱ्यात लोखंड होतं, पाणी होतं, जंगलातला कोळसा होता, आणि सोळाव्या शतकापासून बंदुकीचं काम होतं.

तिथलं काम एका छपराखाली होत नसे. नळ्या घडवून एकमेकींना पितळेच्या डाखाने जोडणारा वेगळा, बिजागरीचा ठोकळा कानशीने घासून बसवणारा वेगळा, कळा-चापाचा वेगळा, अक्रोडाचा दस्ता कोरणारा वेगळा, आणि हरणं-ओकची पानं कोरणारा वेगळा. ही माणसं बहुधा घरी काम करत, नगावर पैसे घेत, आणि एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या पेढ्यांसाठी काम करत. याउलट इंग्लंडच्या बंदुकीचा शोध तुलनेने सोपा. हॉलंड अँड हॉलंड किंवा वेस्टली रिचर्ड्ससारख्या पेढ्यांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत, क्रमांक कळवला की गिऱ्हाइकाचं नावही सापडू शकतं. झूलच्या दुकानी मालाला तशी एकच वही कधी नव्हतीच. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन फौजा झूलमध्ये आल्या, जुलैत तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला, आणि पुढे जे कागद होते तेही विस्कटले.

बाईंनी मध्येच विचारलं की ही झिमसनची तर नसेल, त्यांनी ते नाव कुठेतरी ऐकलं होतं. 1856 साली झूलमध्ये सुरू झालेली ही ज्यू कुटुंबाची पेढी. नाझींनी 1930 च्या दशकात ती हिसकावून घेतली, कुटुंबाला देश सोडावा लागला, आणि कारखान्याचं नाव आधी बेर्लिन-झूलर आणि मग गुस्टलॉफ असं बदललं. आपल्या बंदुकीवर झिमसनची कोणतीही खूण नाही. पण झूलच्या बंदुका वाचणाऱ्याने ही गोष्ट माहीत ठेवलीच पाहिजे, नुसती काळ ठरवायला उपयोगी म्हणून नाही.

ज्यावर मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटला ती खूण मात्र एवढीशी आहे. नळ्यांच्या खालच्या दोन लोखंडी कानांच्या मधोमध, पुढचं लाकूड काढल्याशिवाय कधीच न दिसणाऱ्या जागी, दोन अक्षरं: F आणि K, मध्ये ठिपका. हा सरकारी शिक्का नाही, मुकुट नाही, चौकट नाही. नळ्या जोडणारा कारागीर आपली खूण इथेच सोडत असे, कारण काम परत आलं तर ते कोणाचं हे कळावं. अक्षरांचे ठसे जरा तिरके आहेत, K खोल आणि F उथळ, म्हणजे दोन वेगळ्या पंचांनी हातोडीचे दोन ठोके. शेजारी बंदुकीचा क्रमांक आहे, जो बिजागरीवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरही तोच आहे. म्हणजे तिन्ही भाग मूळचे एकत्र आहेत, ही विक्रीच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट.

या दोन अक्षरांवरून एक नाव ठोकून देण्याचा मोह होतो. मी तो टाळला. या आद्याक्षरांत बसणारे कारागीर त्या खोऱ्यात एकाहून जास्त असू शकतात. बाप-लेक-काका असे एकाच घरातले अनेक जण एकाच धंद्यात असत आणि आद्याक्षरं पुन्हा पुन्हा येत. याच खुणेच्या, पण पट्टीवर झूलमधल्याच कारागिराचं नाव असलेल्या दुसऱ्या बंदुका शोधून काढल्या, तरच जोडणी होते. तेव्हाही ती नळ्यांच्या कारागिरापुरतीच.

टिपण शेवटी असं लिहून दिलं. खात्रीचं: जर्मन तिनळी, दोन 16 बोअर नळ्या आणि एक 9.3×72 आर, सरकारी चाचणी 1893 नंतर आणि 1912 च्या सुमारापर्यंत, ब्रेस्लाउच्या पेढीने विकलेली, ते नाव साधारण 1904 नंतरचं, नळ्यांचं पोलाद क्रुपचं, सगळे भाग एकाच क्रमांकाचे, दस्ता कापून जोडलेला, धूररहित दारूची चाचणी नाही. जवळजवळ नक्की: काम झूल किंवा झेला-मेलिसच्या परिसरातलं. नळ्यांचा कारागीर: F.K., नाव अजून जोडलेलं नाही. "बनवणारा" या रकान्यात दुकानदाराचं नाव न घालता "झूल परिसरातला कंत्राटी माल, विक्रेता ब्रेस्लाउ" असं लिहिलं.

फोटोंचे संच दोन केले. एक बंदुकीसोबत, एक बाईंच्या कुटुंबाकडे, त्या जुन्या चिठोऱ्याच्या स्कॅनसकट, कारण तो कागद बंदुकीपासून वेगळा झाला की दोघांचंही मोल घटतं. भारतात कोणाच्या घरी अशी बंदूक असेल तर 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना आधी पाहावा आणि उघडण्याचं काम परवानाधारक विक्रेत्याकडेच करावं.

बंदूक परवानाधारक विक्रेत्यामार्फत एका संग्राहकाकडे गेली. त्याच्याकडे झूलच्या दुकानी बंदुका बऱ्याच आहेत, आणि त्याने त्या सगळ्यांच्या नळ्या उलटून कानांमधली खूण पाहायचं कबूल केलं आहे.